चंथाबुरीचा रत्नबाजार आणि आसपासचे अरण्य: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

थायलंड-कंबोडिया सीमेजवळचा बाजार म्हटले की बहुतेक प्रवासी अरण्यप्रथेतजवळच्या रोंग क्लुआचे नाव घेतात. कंबोडियातील पोइपेतच्या सीमाचौकीला खेटून असलेला तो बाजार जुने कपडे, बूट आणि पिशव्यांसाठी प्रसिद्ध आहे; पण त्याचा सारा जीव सीमेपलीकडून रोज ये-जा करणाऱ्या विक्रेत्यांवर, म्हणजेच चौकी उघडी असण्यावर, अवलंबून आहे. म्हणून नवख्या माणसाने या भागाची ओळख चंथाबुरीपासून करून घ्यावी, असे माझे मत आहे. बँकॉकपासून सुमारे २४५ किलोमीटरवर, थायलंडच्या आग्नेय कोपऱ्यात असलेल्या या शहरात माणिक-नीलमांचा जगभर नाव असलेला बाजार भरतो, शहरापासून पाऊण तासाच्या आत दोन राष्ट्रीय उद्याने आहेत, आणि प्रांताची पूर्व कड कंबोडियाच्या पैलिन व बट्टमबंग प्रांतांना भिडलेली असली तरी शहर स्वतः सीमेपासून बरेच आत आहे. येथे सीमेवर पाऊल न ठेवताही सीमेलगतचे जगणे कळते, आणि सध्याच्या काळात हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

निघण्यापूर्वी: सीमेची स्थिती आणि कागदपत्रे

तिकीट काढण्याआधी करायचे पहिले काम म्हणजे सीमेवर काय चालले आहे ते पाहणे. जून २०२५ मध्ये दोन्ही देशांतील चौक्यांवरची सामान्य ये-जा बंद झाली. २४ जुलै रोजी प्रत्यक्ष लढाई पेटली, ती पाच दिवस चालली, आणि त्याच सुमारास चंथाबुरीच्या अनेक तालुक्यांत मार्शल लॉ पुकारण्यात आला. ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूर येथे करार झाला, तरी डिसेंबरमध्ये लढाई पुन्हा भडकली आणि २७ डिसेंबर रोजी नवा युद्धविराम ठरला. बँकॉकमधील भारतीय दूतावासाने जुलै २०२५ मध्ये ज्या सात प्रांतांबाबत भारतीयांना सावध केले होते, त्यांत सा केओ आणि त्रात यांच्याबरोबर चंथाबुरीचेही नाव होते. शहर सीमेपासून दूर आहे म्हणून ही सूचना डावलू नये. दूतावासाचे संकेतस्थळ तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहावे, आणि सूचना लागू असेल तर चंथाबुरी पुढच्या खेपेसाठी ठेवून सरळ दुसरीकडे जावे.

प्रवासविमा घेताना त्यातील अपवादांचा परिच्छेद वाचावा, कारण युद्धजन्य घटनांमुळे झालेले नुकसान बहुतेक विम्यांत वगळलेले असते आणि सरकारने मनाई केलेल्या भागात गेल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबण्यापेक्षा मुंबईतील थाई महावाणिज्य दूतावासाची अद्ययावत सूचना पाहावी. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. ते उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि त्याला शुल्क नाही. शुल्क मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नव्हे असे खुशाल समजावे.

कधी जावे

रत्नबाजार शुक्रवार ते रविवार या दिवसांत जागा असतो आणि शनिवारी तेथे सर्वांत जास्त वर्दळ असते. म्हणून शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचावे, शनिवार बाजारासाठी ठेवावा आणि जंगलासाठी रविवार-सोमवार राखावेत. सोमवार-मंगळवारी पोहोचणाऱ्याला बंद शटरांची रांग पाहावी लागते.

ऋतूचा विचार मात्र अधिक गंभीरपणे करावा. चंथाबुरीवर तोच नैऋत्य मोसमी वारा कोसळतो जो कोकणावर कोसळतो, आणि मे ते ऑक्टोबर या काळात येथे थायलंडमधील अत्यंत जोरदार पावसांपैकी एक पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फिरण्यासाठी सर्वांत सुखाचा काळ आहे. फळांसाठीच जायचे असेल तर मे-जून गाठावा लागतो. तेव्हा डुरियन, मँगोस्टीन आणि रामबुतान रस्त्याच्या कडेला ढिगांनी लावलेले असतात. मँगोस्टीन हे आपल्या कोकमाच्याच कुळातले झाड आहे, आणि ज्याच्या आंबट पानांत येथे डुकराचे मांस शिजवतात तो ‘चामुआंग’ही त्याच कुळातला. डुरियन मात्र हॉटेलच्या खोलीत नेऊ नये. बहुतेक हॉटेलांत त्याला मज्जाव असतो आणि दंडही होतो. तो विकणाऱ्याला आज खायचा की उद्या, एवढे सांगितले तर तो काठीने टकटक करून नेमके फळ निवडून देतो.

पोहोचणे आणि राहणे

चंथाबुरीला रेल्वे जात नाही. बँकॉकच्या एकमाई बसस्थानकातून बस आणि मिनीव्हॅन सुटतात आणि साधारण चार तासांत पोहोचवतात. शुक्रवारी संध्याकाळी बँकॉकमधून बाहेर पडताना वाहतूककोंडीमुळे हा वेळ सहज वाढतो. शहरात सोंगथेव, म्हणजे मागे दोन बाके लावलेल्या पिकअप गाड्या, ठरलेल्या मार्गांवर धावतात, पण उद्यानांपर्यंत त्या नेहमी सोयीच्या वेळी मिळतीलच असे नाही. दोन-तीन जणांनी मिळून दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणे सर्वांत सोपे पडते. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर भारतातून निघतानाच परिवहन कार्यालयातून दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो नसेल तर पोलिसांचा दंड होतोच, शिवाय अपघात झाल्यास विमाही हात वर करतो. परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी पैसे काढताना थाई एटीएम दोनशेहून अधिक बात (थाई चलन) शुल्क कापते, म्हणून पैसे थोडेथोडे न काढता एकदाच काढावेत.

मुक्काम नदीकाठच्या जुन्या वस्तीत करावा. सुखाफिबान रस्त्यावर सुमारे एक किलोमीटरपर्यंत लाकडी आणि चिनी-युरोपीय धाटणीची घरे आहेत, त्यांतील काहींमध्ये खोल्या मिळतात, आणि बाजार तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

बाजार: आधी पाहावा, मग विचारावा

बाजार सी चान रस्ता आणि त्याला लागून असलेल्या गल्ल्यांत भरतो. या बाजाराची रीत आपल्या सवयीच्या उलटी आहे, आणि ती न कळल्यामुळे नवखे लोक गोंधळतात. येथे ग्राहक बसलेला असतो आणि विक्रेते फिरत असतात. दुकानांच्या दर्शनी भागात टेबले मांडलेली असतात. खरेदीसाठी आलेला व्यापारी दिवसाच्या भाड्याने एक टेबल घेतो आणि आपल्याला कोणता खडा, कोणत्या आकाराचा आणि कोणत्या मापाचा हवा आहे ते कागदावर लिहून समोर लावतो. मग दलाल कागदाच्या घडीदार पुड्या घेऊन येतात, पुडी पांढऱ्या टेबलावर उघडतात आणि व्यापारी चिमट्याने एकेक खडा उजेडाकडे धरून पाहतो.

भाव ठरण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. व्यापाऱ्याने देऊ केलेली किंमत दलालाला परस्पर मान्य करता येत नाही, कारण माल बहुधा त्याचा नसतो. म्हणून पुडी मिटून चिकटपट्टीने बंद केली जाते, वर देऊ केलेली किंमत लिहिली जाते, आणि दलाल ती तशीच मालकाकडे नेतो. मालकाचा होकार किंवा नकार येईपर्यंत ती पुडी दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर उघडायची नसते. यात लिखित करार नसतो. सगळे शब्दावर चालते. मुंबईच्या हिरेबाजारात वावरलेल्या मराठी वाचकाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. म्हणूनच केवळ गंमत म्हणून किंमत बोलू नये. तुम्ही आकडा उच्चारलात, पुडी बंद झाली आणि मालकाने होकार दिला, तर तो खडा घेणे तुमच्यावर बंधनकारक मानले जाते, आणि त्या वेळी मागे हटणे हा तेथे मोठा अपमान ठरतो.

पाहताना काही साधे शिष्टाचार पाळावेत. चालू असलेल्या व्यवहारावर ओणवे होऊ नये, परवानगीशिवाय टेबलाचे छायाचित्र काढू नये, आणि उघड्या पुडीजवळ हात झटकून किंवा पंख्याची दिशा बदलून गोंधळ करू नये. पाव कॅरेटचा खडा फरशीवर पडला तर तो शोधण्यासाठी दहा माणसांना गुडघ्यांवर बसावे लागते. सकाळी दहानंतर बाजारात रंग भरू लागतो आणि दुपारपर्यंत तो चांगला तापतो.

येथील बहुतेक खडे आता थायलंडच्या मातीतले नाहीत, हेही जाणून असावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेजारच्या त्रात प्रांतातील बो राय आणि सीमेपलीकडचे पैलिन येथून माणिक-नीलमांचा पूर आला. पैलिन ख्मेर रूज या कंबोडियातील साम्यवादी बंडखोरांच्या ताब्यात असताना तर तेथील रत्ने थायलंडला विकून त्यांच्या लढाईचा खर्च भागवला जात होता, आणि ती साखळी १९९६ मध्ये तेथील नेतृत्वाने सरकारशी जुळवून घेईपर्यंत टिकली. पुढे खाणी आटल्या, पण हात शिल्लक राहिले. खडे तापवून त्यांचा रंग खुलवण्याचे आणि त्यांना पैलू पाडण्याचे कसब चंथाबुरीत इतके मुरले होते की आता मोझांबिकचे माणिक आणि मादागास्करचे नीलम येथे येतात, आणि त्यांच्याबरोबर आफ्रिकी, श्रीलंकी व भारतीय व्यापारीही येतात. स्थानिक म्हणता येईल असा माल म्हणजे खाओ फ्लोई वेन आणि बांग कचा या परिसरातील काळपट निळे, तारांकित आणि गडद पिवळे नीलम. तोही आता थोडाच.

खरेदीचा मोह येथेच होतो, कारण महाराष्ट्रात ज्योतिषाच्या सल्ल्याने पुष्कराज किंवा नीलम घालणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि ‘बँकॉकचा खडा’ हा शब्द सराफांकडे ऐकलेला असतो. याबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिल्या भेटीत काहीही महागडे घेऊ नये. तापवणे ही या व्यवसायातील मान्य रीत आहे आणि बाजारातील बहुसंख्य माणिक-नीलम तापवलेलेच असतात. त्यात फसवणूक नाही, फक्त ते सांगायला हवे. ज्याला ‘न तापवलेला’ खडाच हवा आहे, त्याने तोंडी आश्वासन मुळीच मानू नये, कारण हा फरक भिंगाने पाहून नवख्याला कळत नाही. तापवण्याच्या पलीकडचे दोन प्रकार मात्र लक्षात ठेवावेत. २००१-०२ च्या सुमारास बेरिलियम घालून तापवलेले झगझगीत नारिंगी-पिवळे नीलम बाजारात मोठ्या प्रमाणावर आले. त्यानंतरच्या वर्षांत भेगांमध्ये शिसेयुक्त काच भरलेले माणिक आले. ते स्वस्त असतात, डोळ्यांना लाल आणि स्वच्छ दिसतात, पण लिंबाच्या रसानेही त्यातील काच झिजते. खडा घ्यायचाच असेल तर बिलावर खड्याचे नाव, वजन आणि त्यावर केलेली प्रक्रिया लिहून घ्यावी, आणि बँकॉकमधील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून, उदाहरणार्थ थायलंडच्या रत्न व अलंकार संस्थेतून, प्रमाणपत्र मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. या अटीला तयार नसलेल्या विक्रेत्याला नमस्कार करून पुढे जावे.

हौस भागवायची असेल तर लहान, मिश्र रंगांच्या खड्यांची छोटी पिशवी घ्यावी. तिच्यात गमावण्यासारखे फारसे नसते.

जेवण, आणि नदीपलीकडे

शाकाहारी व्यक्तीने ‘जे’ हा शब्द शिकून जावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो आणि तेथे मांस-मासळीबरोबर कांदा-लसूणही टाळतात. इतर दुकानांत भाजी मागितली तरी तीत माशाचा सॉस किंवा कोळंबीची चटणी असू शकते, हे गृहीत धरावे. पॅड थाईत वापरल्या जाणाऱ्या तांदळाच्या बारीक शेवयांना थायलंडभर ‘सेन चान’ म्हणतात, ते या शहरावरूनच. त्यांची वाळवलेली पाकिटे घरी नेण्यास सोयीची आहेत. येथील मिरी आणि वेलदोडाही चांगला असतो.

नदीवरच्या पादचारी पुलापलीकडे १९०९ साली पूर्ण झालेले कॅथेड्रल आहे, जे व्हिएतनाममधून छळाला कंटाळून आलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या वंशजांनी सांभाळले आहे. ज्याला सीमेचा इतिहास समजून घ्यायचा आहे त्याने लेम सिंग येथील फ्रेंचांच्या जुन्या वास्तूही पाहाव्यात. १८९३ मध्ये फ्रान्सने सयामवर, म्हणजे तेव्हाच्या थायलंडवर, दबाव टिकवण्यासाठी चंथाबुरी ताब्यात घेतले, सुमारे दशकभराने ते सोडताना बदल्यात त्रात घेतले, आणि १९०७ मध्ये त्रात परत देताना बट्टमबंग व सिएम रीप मिळवले. आज जिच्यावरून तोफा धडाडल्या, ती सीमारेषा याच देवघेवीच्या काळात नकाशांवर उतरली.

जंगल: फ्लियोपासून सुरुवात

शहरापासून सुमारे १४ किलोमीटरवरचे नामतोक फ्लियो राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये स्थापन झाले, आणि पहिल्या दिवसासाठी तेच योग्य आहे. परदेशी प्रौढांसाठी प्रवेशशुल्क २०० बात आहे. प्रवेशद्वाराजवळ लांब चवळीच्या शेंगांच्या जुड्या विकायला असतात. त्या जेवणासाठी नसून माशांसाठी असतात. धबधब्याखालच्या डोहात काळसर पाठीचे, हातभर लांबीचे मासे शेकड्यांनी असतात, शेंग पाण्याला टेकताच ते झडप घालतात, आणि तुम्ही पाण्यात उभे असाल तर पोटऱ्यांना अंग घासत फिरतात. चावत नाहीत, पण पहिल्यांदा दचकायला होते. शेंगांखेरीज दुसरे काही, विशेषतः पाव किंवा फरसाण, त्यांना घालू नये.

जवळच राजा चुलालोंगकोर्नने १८७६ मध्ये बांधवलेला स्तूप आणि त्याच्या शेजारी एक पिरॅमिडच्या आकाराचे स्मारक आहे. त्याची राणी सुनंदा कुमारीरत्न १८८० मध्ये नौका उलटून बुडाली. तिला हे ठिकाण प्रिय होते, म्हणून तिची स्मृती येथे जपली आहे.

खडक शेवाळलेले असतात, तेव्हा पकड असलेले बूट घालावेत. थर्मोकोल आणि एकदाच वापरायचे प्लास्टिक उद्यानात नेऊ नये. मद्यालाही बंदी आहे. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्यांना सांगायला नको, पण पाणी अचानक गढूळ होऊ लागले तर फोटो अर्धवट सोडून काठावर यावे.

दुसऱ्या दिवशी खाओ खिच्चकूटला जावे. तेथील क्रथिंग धबधब्याला १३ टप्पे आहेत आणि वरचे टप्पे चांगला दम काढतात. याच डोंगराच्या माथ्यावर, हजार मीटरहून अधिक उंचीवर, एका प्रचंड गोलाकार शिळेजवळ बुद्धपदाचे, म्हणजे बुद्धाच्या पाऊलखुणेचे, स्थान आहे. ते वर्षातून सुमारे दोन महिनेच, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या काळात, यात्रेकरूंसाठी खुले असते. तेव्हा पिकअप गाड्या भयंकर चढाच्या वळणांवरून माणसे वर नेतात आणि उरलेले अंतर पायी जावे लागते. गर्दीचा तिटकारा असेल तर शनिवार-रविवार टाळावा. या डोंगराच्या पायथ्याशी चोंग समाजाची गावे आहेत. ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली त्यांची भाषा बोलणारे आता थोडेच उरले आहेत.

ज्यांना पक्षी आणि गिबन वानर यांची ओढ आहे त्यांना खाओ सोई दाओ अभयारण्य खुणावेल. पण ते शहरापासून बरेच उत्तरेला, सीमावर्ती तालुक्यात, ३१७ क्रमांकाच्या महामार्गावर आहे. सीमा शांत असल्याची खात्री असेल आणि स्थानिक चालक सोबत असेल तरच तेथे जावे. चंथाबुरीच्या काही भागांत रानहत्ती फळबागांत उतरतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी शहरात परतावे. जोखीम नको असेल तर समुद्राच्या बाजूला, खुंग क्राबेन उपसागराच्या खारफुटीतून जाणारी लाकडी पायवाट आहे. लहान मुले आणि ज्येष्ठांसह जाणाऱ्यांनी खरे तर तीच निवडावी.

जंगलात फुल बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम अत्यावश्यक आहे. पैलिन आणि त्याच्या आसपासचा पट्टा मलेरियाच्या इतिहासात वेगळ्या कारणाने ओळखला जातो: क्लोरोक्वीन या औषधाला न जुमानणारा मलेरिया ज्या ठिकाणी प्रथम आढळला त्यांत हा पट्टा होता, आणि २००८-०९ च्या सुमारास आर्टेमिसिनिन या नंतरच्या औषधालाही दाद न देणारा प्रकार येथेच नोंदवला गेला. शहरात राहणाऱ्याला डेंग्यूचा धोका अधिक आहे. तरी परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर आपण कोठे जाऊन आलो ते डॉक्टरांना न विसरता सांगावे.

कोठवर जावे

पोंग नाम रोन तालुक्यात बान लेम आणि बान फक्काड या दोन चौक्या आहेत आणि त्यांच्याजवळ सीमाबाजार भरत आले आहेत. चौक्या उघडल्याची आणि दूतावासाची सूचना मागे घेतल्याची खात्री होईपर्यंत तिकडे जाऊ नये. पुढे कधी गेलात तरी डांबरी रस्ता आणि मळलेली वाट सोडू नये, कारण या सीमेवर जुन्या लढायांतील भूसुरुंग अजूनही सापडतात. सैनिक, बंकर किंवा चौकी यांची छायाचित्रे काढू नयेत, ड्रोन तर बॅगेतही ठेवू नये, आणि स्थानिकांशी बोलताना या वादात कोणाचे बरोबर यावर मत देऊ नये. अनेक घरांतील माणसे दोन्हीकडे आहेत.

परतताना

घेतलेल्या खड्यांची बिले आणि प्रमाणपत्रे हातातल्या बॅगेत ठेवावीत. सुटे खडेही भारतीय सीमाशुल्काच्या हिशेबात धरले जातात, म्हणून मोफत मर्यादा निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी आणि किंमत तिच्यावर गेली असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन ती जाहीर करावी. घरी आल्यावर खडा अंगठीत बसवायला देताना त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे ते सोनाराला आधी सांगावे. काच भरलेल्या माणकावर त्याने ज्योत धरली किंवा अंगठी आम्लात बुडवली, तर तो खडा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.